पोटातले जिवाणू आणि चारचौघांतलं वागणं

रानभूल:

सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज जोरात फिरतोय, की तुमचा स्वभाव तुम्ही ठरवत नाही, तुमच्या पोटातले जिवाणू ठरवतात, तेच तुम्हाला कंट्रोल करतात, आणि खाली लगेच कुठल्यातरी कॅप्सूलची लिंक. मी मायक्रोबायॉलॉजी शिकवते, हा विषय मला फार जवळचा आहे, त्यामुळे यात खरं किती आणि ओढूनताणून किती ते नीट लिहायचं ठरवलं. लांबेल जरा, पण मूळ विज्ञान त्या मेसेजपेक्षा कितीतरी जास्त रंजक आहे.

उंदरांपासून सुरू करते. संशोधनासाठी निर्जंतुक उंदीर वाढवतात, म्हणजे जन्मल्यापासून एकही जिवाणू त्यांच्या वाट्याला येऊ देत नाहीत, हवा गाळलेली, अन्न-पाणी निर्जंतुक केलेलं. २००४ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या नोबुयुकी सुदो यांच्या टीमने अशा उंदरांना थोडा वेळ अडकवून ठेवलं तेव्हा त्यांच्या रक्तातली स्ट्रेस हार्मोन्स साध्या उंदरांपेक्षा खूप जास्त वाढली. त्यांना बायफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस हा एकच जिवाणू दिल्यावर ती वाढ आटोक्यात आली. साध्या उंदरांच्या पोटातले सगळे जिवाणू दिले तरी थोडा फरक पडला, पण लहान वयात दिले तरच, मोठेपणी नाही. ही वयाची गोष्ट लक्षात ठेवा.

आता ताणाचा आणि मिसळण्याचा काय संबंध? तर २०२१ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात वेई-ली वू आणि अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेचे सार्किस मॅझमॅनियन यांचा पेपर आला. ज्या उंदरांत जिवाणू नव्हते किंवा अँटिबायोटिक देऊन मारून टाकले होते, ते अनोळखी उंदराशी कमी मिसळायचे, आणि त्या भेटीनंतर त्यांचं कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे उंदरांचं मुख्य स्ट्रेस हार्मोन, वाढलेलं असायचं. एंटेरोकॉकस फिकॅलिस हा जिवाणू परत दिला तर हार्मोन खाली आलं आणि मिसळणं वाढलं. म्हणजे जिवाणू काही उंदराला 'जा, मैत्री कर' असं सांगत नाहीयेत, ते असले की ताण कमी चढतो, आणि ताण कमी असला की प्राणी दुसऱ्याच्या जवळ जायला धजावतो, इतकं साधं आहे हे.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला प्रयोग मात्र ह्यूस्टनचा, बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या माउरो कोस्टा-मॅटिओली यांच्या लॅबचा, २०१६. त्यांनी उंदरांच्या माद्यांना गरोदरपणात आणि पिल्लं अंगावर पीत असताना खूप चरबी असलेलं खाणं दिलं. त्यांची पिल्लं मोठी झाल्यावर इतर उंदरांत फारशी मिसळेनात. पिल्लांना स्वतःला साधंच खाणं मिळत होतं, तरीही. मग अशा एका पिल्लाला साध्या आयांच्या पिल्लांबरोबर एका पिंजऱ्यात ठेवलं. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे जिवाणूंची देवाणघेवाण आपोआप होते, आणि त्या पिल्लाचं वागणं सुधारलं! पिल्लांत सगळ्यात जास्त कमी झालेला जिवाणू शोधला तर तो निघाला लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी. तो एकटा पाण्यातून दिला तरी मिसळणं परत आलं, पण तोच जिवाणू उष्णतेने मारून दिला तर काहीच झालं नाही. पुढे २०१९ मध्ये याच लॅबने दाखवलं की पोटापासून मेंदूपर्यंत जाणारी व्हेगस नर्व्ह कापली तर हा परिणाम दिसत नाही. म्हणजे निरोप त्या वाटेने जातो आणि मेंदूत ऑक्सिटोसिनच्या, म्हणजे जवळीक वाढवणाऱ्या हार्मोनच्या, यंत्रणेपर्यंत पोचतो.

एवढं वाचून वाटेल की मग तो मेसेज बरोबरच की! नाही. सगळे प्रयोग एकाच दिशेला बोट दाखवत नाहीत. निर्जंतुक उंदीर कमी मिसळतात असं २०१४ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या टीमला दिसलं, आणि लगेच २०१५ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये ते उलट जास्त मिसळताना दिसले. उंदराची जात, वय, पिंजऱ्यातलं वातावरण, सगळ्याने फरक पडतो. आणि माझा खरा आक्षेप 'कंट्रोल' या दाव्याला आहे. परिणाम होणं वेगळं आणि कुणीतरी मुद्दाम आपल्याला चालवणं वेगळं. पहिल्याला भरपूर पुरावा आहे, दुसरं फार थोड्या जंतूंच्या बाबतीत खरं आहे आणि ते जंतू पोटात राहणाऱ्या, दह्यातल्या जिवाणूंच्या नातेवाइकांपैकी नाहीत.

तुम्हाला काय वाटतं, लिहा.

---

काळीमाती:

फार छान लिहिलंत ताई. मी शेतकरी माणूस, कृषी पदवी घेतलेली आहे, म्हणून किड्यांकडून बोलतो. उंदरांपेक्षा मोठी गोष्ट वाळवीत आहे. लाकूड खाणाऱ्या जुन्या जातीच्या वाळवीला लाकूड स्वतःला नीट पचवता येत नाही, तिच्या आतड्यात एकपेशीय जीव असतात ते पचवतात, अमेरिकेतल्या लेम्युएल क्लीव्हलँडनी १९२० च्या दशकात हे दाखवलं होतं, ते जीव मारले की वाळवी लाकूड खात राहते आणि तरी उपाशी मरते. आणि गंमत पुढे आहे, वाळवी कात टाकते तेव्हा आतड्याच्या मागच्या भागाचं अस्तरही जातं आणि त्याबरोबर ते सगळे जीव जातात. मग परत आणायचे कुठून? दुसऱ्या वाळवीच्या गुदद्वारातून येणारा द्रव चाटून! म्हणजे एकटी वाळवी कात टाकल्यावर जगूच शकत नाही, तिला सोबत पाहिजेच. वाळवीचं एकत्र राहणं यातूनच सुरू झालं असावं असं क्लीव्हलँड म्हणायचे. हे खरं असेल तर सूक्ष्मजीवांनी नुसतं वागणं बदललं नाही तर अख्खा समाज उभा केला म्हणायचं.

आपल्या बांधावर मोठी वारुळं करणारी वाळवी मात्र वेगळी, तिच्यात हे जीव नसतात, ती वारुळात बुरशीची शेती करते. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात वारुळावर जी अळंबी उगवते आणि लोक तुटून पडतात ती याच बुरशीची.

आणि टोळ. मे २०२० ला अमरावती, वर्धा, नागपूरकडे टोळ आले होते ते आमच्याकडचे लोक विसरणार नाहीत, ताटं-डबे बडवून हाकलत होते. वाळवंटी टोळाच्या विष्ठेला एक धुरकट वास असतो, ग्वायकॉल नावाचं रसायन, टोळांना एकत्र ठेवणाऱ्या वासांत ते एक आहे. २००० साली इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या लोकांनी नेचरमध्ये दाखवलं की हे रसायन टोळ बनवत नाही, त्याच्या आतड्यातले पँटोइया नावाचे जिवाणू पाल्याच्या चोथ्यातून बनवतात, निर्जंतुक टोळाच्या विष्ठेत ते सापडतच नाही. थव्याचा वास जिवाणूंकडून आलेला!

---

रानभूल:

काळीमाती, तुमच्या टोळाच्या उदाहरणात माझा मुद्दा छान दिसतो, म्हणून लगेच लिहिते. पँटोइया चोथा पचवताना ग्वायकॉल बनवतो कारण त्याचं पोट त्यावर चालतं. थवा जमला काय न जमला काय, त्या जिवाणूचं काही अडत नाही. टोळाने मात्र त्या वासाचा उपयोग करून घेतला. इथे कंट्रोल कोण करतंय? असलाच तर टोळ.

---

मीराची_आई:

मी इथे फारसं लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. माझ्या मुलीला ऑटिझम आहे, सहा वर्षांची आहे. आमच्या पालकांच्या ग्रुपमध्ये एकांनी एक प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंची, पावडर सुचवली, तिने मुलं बोलायला लागतात, नजरेला नजर देतात असं सांगितलं, महिन्याचा खर्च थेरपीच्या फीएवढा होता आणि आम्ही काही महिने थेरपीचे सेशन कमी करून ती पावडर दिली. फरक पडला नाही. आता रॉयटेरीचं वाचून परत मनात येतंय की चुकीचा जिवाणू दिला का, बरोबरचा दिला असता तर. ताई, तुम्ही शिकवता म्हणून विचारते, मुलांवर यातलं काय सिद्ध झालंय?

---

रानभूल:

मीराच्या आई, तुम्ही चुकीचा जिवाणू दिला असं मनातून आधी काढून टाका. बरोबरचा कुठला हे आज जगात कुणीच सांगू शकत नाही, आणि जो विकतोय तो तर नाहीच नाही.

जे माहीत आहे ते सरळ सांगते. २०१३ मध्ये कॅलटेकच्या इलेन शाओ यांचा गाजलेला पेपर होता, ऑटिझमसारखी लक्षणं असलेल्या उंदरांना बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस दिला आणि त्यांची अस्वस्थता, तेच तेच करणं, आवाज काढून संवाद साधणं यात सुधारणा झाली. पण दुसऱ्या उंदरात मिसळणं? त्यात सुधारणा झाली नाही. बातम्यांत हे वाक्य गळून जातं. २०१७ मध्ये ॲरिझोनात ऑटिझम असलेल्या १८ मुलांना निरोगी माणसांच्या विष्ठेतले जिवाणू दिले, पोटाच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या आणि वागण्यातही सुधारणा नोंदवली गेली, पण तिथे तुलनेसाठी खोटं औषध दिलेला गट नव्हता, डॉक्टरांना आणि पालकांना, सगळ्यांना माहीत होतं काय दिलंय. इतक्या आशेने बघणाऱ्या पालकांना फरक दिसणारच, यात त्यांचा काही दोष नाही, म्हणून तर तुलनेचा गट लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास मला वाटतो तो ऑस्ट्रेलियाचा, २०२१, २४७ मुलं, त्यात ऑटिझम असलेली, त्यांची भावंडं आणि इतर. ऑटिझमचा आणि पोटातल्या जिवाणूंचा थेट संबंध जवळजवळ सापडला नाही. सापडलं ते हे की ही मुलं खाण्याच्या बाबतीत फार निवडक असतात, ठरावीक चार पदार्थच खातात, त्यामुळे जिवाणूंची विविधता कमी होते. म्हणजे बाण उलटा आहे, वागण्यामुळे खाणं बदललं आणि खाण्यामुळे जिवाणू.

अजून एक. कॉर्कच्याच लोकांनी २०११ मध्ये लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा एक प्रकार उंदरांना दिला होता, त्यांची भीती आणि ताण स्पष्ट कमी झाला, व्हेगस कापली की परिणाम जायचा, अगदी स्वच्छ प्रयोग. तोच जिवाणू त्यांनी नंतर २९ निरोगी पुरुषांना दिला. ताणावर काहीच फरक नाही. आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे छापलं, २०१७ मध्ये. मला त्या पेपरबद्दल फार आदर आहे.

तेव्हा थेरपीचे सेशन परत पूर्ववत करा, ही माझी कळकळीची विनंती. मीराला पोटाचा त्रास असेल, बद्धकोष्ठता असेल तर ते डॉक्टरांना दाखवून नीट करा, कारण पोट दुखणारं मूल, तेही सांगता न येणारं, चिडणारच, त्यासाठी कुठलाही नवा शोध लागत नाही.

---

मीराची_आई:

पोटाचा त्रास आहे तिला. यावर कुणी एवढं नीट कधी बोललंच नव्हतं. दाखवते.

---

गोठापाणी:

मी पशुवैद्य आहे. रानभूल, तुमचं बाकी पटलं पण 'कंट्रोल' तुम्ही फार पटकन मोडीत काढलात असं मला वाटतं. रेबीज बघा. विषाणू चावलेल्या जागेपासून नसांतून मेंदूत जातो, तिथून लाळेत उतरतो, आणि नेमकं त्याच सुमारास कुत्रं आपल्या माणसांवर धावून जायला लागतं, घशाला लकवा म्हणून लाळ गिळता येत नाही, ती तोंडात साठते. आयुष्यभर ज्या घरात वाढलं त्या घरातल्या लेकराला चावतं. याला सामाजिक वागणं बदलणं नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? सगळी कुत्री अशी होत नाहीत हेही सांगतो, काही नुसती गप्प होतात, कोपऱ्यात बसतात, जबडा लोंबतो, आणि लोक घशात हाड अडकलं समजून तोंडात हात घालतात. कृपया घालू नका. चावलं, ओरखडलं किंवा जखमेला लाळ लागली तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा, लक्षणं दिसायला लागल्यावर जवळपास कुणी वाचत नाही.

दुसरं टॉक्सोप्लाझ्मा. हा एकपेशीय परजीवी, त्याचं लैंगिक पुनरुत्पादन फक्त मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात होतं. २००० मध्ये ऑक्सफर्डच्या लोकांनी दाखवलं की लागण झालेल्या उंदरांना मांजराच्या वासाची भीती वाटेनाशी होते, काही तर त्या वासाकडे जातात. २००७ मध्ये अजय व्यास आणि स्टॅनफर्डच्या रॉबर्ट सॅपोल्स्की यांनी दाखवलं की बाकीची भीती बहुतेक शाबूत राहते, नेमकी मांजराची जाते. आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या लांडग्यांवरचा अभ्यास आला, २६ वर्षांच्या नोंदी, लागण झालेला लांडगा कळपाचा म्होरक्या होण्याची शक्यता ४६ पट, कळप सोडून जाण्याची ११ पट. कळपाचा म्होरक्या कोण हे एक परजीवी ठरवतोय!

---

बिनधास्त_वाचक:

४६ पट?? बापरे. मग माणसांचं काय, आमच्या घरात तीन मांजरं आहेत.

---

गोठापाणी:

माणसांत फार घाबरण्यासारखं काही निघालेलं नाही. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये एकाच काळात जन्मलेल्या लोकांना लहानपणापासून तपासत आलेत, त्यातल्या आठशेहून जास्त लोकांचा २०१६ चा अभ्यास आहे, टॉक्सोप्लाझ्माच्या लागणीचा आणि स्वभावाचा संबंध जवळपास दिसला नाही. गरोदर बाईने मात्र मांजराच्या विष्ठेचा ट्रे साफ करू नये आणि मांस पूर्ण शिजवून खावं, तो धोका खरा आहे, बाळाला होतो. मांजरं ठेवा बिनधास्त.

---

उत्क्रांतीवेडा:

दोघांचं भांडण नाहीये खरं तर. ऑक्सफर्डच्या केटरिना जॉन्सन आणि केविन फॉस्टर यांनी २०१८ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला होता, मला त्यांचा युक्तिवाद पूर्ण पटतो, माझ्या भाषेत सांगतो.

आतड्यात शेकडो जातींचे जिवाणू दाटीवाटीने राहतात. समजा त्यातल्या एकाने यजमानाला, म्हणजे ज्याच्या पोटात तो राहतो त्या प्राण्याला, जास्त मिसळायला लावणारं रसायन मुद्दाम बनवायला घेतलं. ते बनवायला त्याची शक्ती खर्च होते, त्याची वाढ मंदावते. यजमान चार लोकांत गेला तर फायदा कुणाचा? त्याच्यासकट शेजारच्या सगळ्या जिवाणूंचा, ज्यांनी काहीच खर्च केला नाही. ते वेगाने वाढतात आणि आपला हा कष्टाळू जिवाणू मागे पडून संपतो. म्हणून अशी मुद्दाम केलेली हेराफेरी आतड्याच्या गर्दीत टिकणं अवघड आहे. जी रसायनं बनतात ती त्यांच्या रोजच्या जगण्यातून बनतात, आणि यजमानाचं शरीर लाखो वर्षं त्यांच्याबरोबर राहून त्या रसायनांवर विसंबून राहायला शिकलंय. म्हणूनच निर्जंतुक उंदीर बिघडतो. जे कायम असणारच असं शरीराने धरलेलं होतं ते गायब झालं.

रेबीज आणि टॉक्सोप्लाझ्माला ही अडचण नाही. ते मेंदूत एकटे असतात, फुकटे शेजारी नाहीत, आणि पुढच्या यजमानाकडे जायचा त्यांचा मुख्य रस्ता ठरलेला आहे, रेबीजचा चावा आणि टॉक्सोप्लाझ्माचा मांजराचं पोट. तिथे वागणं बदलवणारा जंतू बाकीच्यांपेक्षा पुढे जातो. गोठापाणींचं बरोबर आणि रानभूलचंही, फक्त जंतू वेगळे. लांडग्यांबद्दल मात्र मी थांबेन, लांडग्याचं म्होरक्या होणं परजीवीच्या काय कामाचं ते दिसत नाही, उंदरासाठी घडलेली करामत लांडग्यात वाया जात असावी, असं मला वाटतं.

---

गोठापाणी:

हे मान्य. विशेषतः लांडग्याचं.

---

सह्याद्रीची_लेक:

सगळे जिवाणूकडून वागण्याकडे बघताय, उलट्या बाजूचा पुरावा तर जास्त भक्कम आहे. केनियातल्या अंबोसेलीतल्या बबून माकडांचा २०१५ चा अभ्यास, जेनी टंग, एलिझाबेथ आर्ची वगैरे. जी माकडं एकमेकांच्या अंगावरच्या उवा-गोचिडी निवडत बसतात त्यांच्या पोटातले जिवाणू जास्त सारखे, खाणं आणि नातं हिशोबात धरूनसुद्धा. माणसांतही तेच. २०२४ मध्ये होंडुरासच्या दुर्गम भागातल्या १८ खेड्यांतल्या १,७८७ माणसांचा अभ्यास आला, निकोलस क्रिस्ताकिस यांच्या टीमचा. एकाच घरात न राहणाऱ्या, नात्यातल्या नसलेल्या मित्रमैत्रिणींतसुद्धा जिवाणूंचे तेच तेच उपप्रकार सापडले, आणि मित्राच्या मित्रापर्यंत ही साखळी जाते.

आपल्याकडे पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये योगेश शौचे यांच्या गटाने २०१२ मध्ये एकत्र कुटुंबातल्या वेगवेगळ्या पिढ्यांचे पोटातले जिवाणू तपासले होते, वयाबरोबर ते कसे बदलतात ते बघायला. छोटा अभ्यास होता. पण एका चुलीवरचं खाणारी आजी, सून आणि नातवंड एकत्र मिळणं हे आपल्याकडेच सोपं आहे, आणि अशी घरं झपाट्याने कमी होतायत, तेव्हा असे अभ्यास मोठ्या प्रमाणावर आत्ताच व्हायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

---

मधपेटी:

महाबळेश्वरकडे मधपाळ आहे मी. सातेरी ही आपली देशी मधमाशी आणि मेलिफेरा ही युरोपियन, दोन्ही पाळतो. तुम्हा लोकांना एक विचारायचंय. पोळ्याच्या तोंडाशी पहारेकरी माश्या असतात, परकी माशी आली की हुसकून लावतात, पण कधीकधी परकी माशी सरळ आत घेतात. यात रोगाचा काही संबंध असतो का?

---

उत्क्रांतीवेडा:

अहो काका, तुम्ही बरोबर त्या प्रयोगावर बोट ठेवलंत जो मला सगळ्यात जास्त भावतो! आधी हे, की परकी माशी अन्नाने लडबडलेली आली किंवा फुलोऱ्याचे दिवस असले तर पहारेकरी एरवीही ढिले पडतात, म्हणजे दर वेळी रोगच असतो असं नाही. पण इलिनॉय विद्यापीठातल्या लोकांनी २०२० मध्ये मेलिफेराला इस्रायली ॲक्यूट पॅरालिसिस व्हायरस दिला आणि प्रत्येक माशीच्या पाठीवर बारीक बारकोड चिकटवून कॅमेऱ्याने पाहिलं. स्वतःच्या पोळ्यात आजारी माशीची इतरांबरोबर तोंडातोंडी अन्नाची देवघेव कमी झाली. रोगप्रतिकारशक्ती नुसती चाळवली, विषाणू दिलाच नाही, तरी तसंच झालं, म्हणजे तो वसाहतीचा स्वतःचा बचाव. पण तीच विषाणूवाली माशी दुसऱ्या वसाहतीच्या पहारेकऱ्यांसमोर आली तर त्यांनी तिला निरोगी परक्या माशीपेक्षा जास्त वेळा आत घेतलं. तिच्या अंगावरच्या मेणचट वासाची रसायनं बदललेली होती आणि ती स्वतःही जास्त नमतं घेऊन, अन्न देऊ करत वागत होती. घरात पसरायची वाट बंद झाली तर विषाणूला शेजारच्या घराचं दार उघडं मिळालं. हे मात्र मी कंट्रोलच्या जवळ धरतो.

आणि त्याच वर्षी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून आलं की 'आपली-परकी' ओळखायचा वास माशीच्या पोटातल्या जिवाणूंवरही अवलंबून असतो, नुसत्या जन्मावर नाही.

---

मधपेटी:

म्हणजे पेट्या एका रांगेत, एकसारख्या रंगाच्या, तोंडं एकाच बाजूला असं ठेवलं की माश्या वाट चुकून शेजारच्या पेटीत शिरतात ते आम्हाला माहीत होतं, पण त्यातली आजारी माशी जास्त सहज आत घेतली जाते हे नवीन. मी पेट्या लांब लांब आणि तोंडं वेगवेगळ्या दिशेला करतो या हंगामात. सातेरीवर असा प्रयोग झालाय का?

---

रानभूल:

हा प्रयोग मेलिफेरावरचा आहे. सातेरीची वसाहत लहान असते, वागणं वेगळं, त्यामुळे तसंच्या तसं लागू होईल असं धरून चालू नका. पेट्या लांब ठेवण्यात तोटा काहीच नाही, ते कराच. आणि काका, तुमच्याकडे दोन्ही जाती शेजारी शेजारी आहेत, आमच्या कॉलेजमधल्या एमएस्सीच्या मुलांना प्रकल्पासाठी हेच हवं असतं. परवानगी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

मधपेटी:

जरूर करा. पावसाळा संपला की या, तेव्हा वसाहती भरायला लागतात.